सोन्याच्या फंडाचा बारीक आकडा

महोदय,

मुलीसाठी पंधरा वर्षे सोन्यात पैसे ठेवावेत म्हणून बँकेत गेलो. साहेबांनी फंडाचे पत्रक पुढे सरकवले. गेल्या वर्षीचा परतावा ठळक, फंड दरवर्षी कापून घेतो त्या खर्चाचे प्रमाण मात्र भिंगातून वाचावे इतके बारीक! गोल्ड ईटीएफला, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या फंडाला, डिमॅट खाते लागते. ते टाळून फंड ऑफ फंड, म्हणजे ईटीएफमध्येच पैसे घालणारा फंड घेतला, तर वरच्या फंडाचा खर्च आणि आतल्या ईटीएफचाही. तेलाच्या वायद्यांवरचे (पुढच्या तारखेच्या सौद्यांवरचे) फंड तर नकोच. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्चे तेल पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर गेले आणि आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारात तेलाचा सौदा उणे २,८८४ रुपयांनी मिटला. (बायको म्हणते, बांगड्याच करा. मग घडणावळ आली!) बाजार नियामक सेबीने खर्चाचा आकडा परताव्याइतक्याच ठळक अक्षरात छापायला लावावा.

– एक वाचक, सातारा