हरणाऱ्याकडे बघून ये

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९५१

चि. बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. २५ ऑक्टोबरला तिथे इंग्लंडात मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी मजूर पक्षाचे पंतप्रधान ॲटली राजीनामा देऊन मोकळे झाले, तो भाग मी ह्यांना दोनदा वाचून दाखवला. मजूर पक्षाला मते जास्त पडली, पण जागा २९५; चर्चिल यांच्या बाजूला ३२१. तरी कुणी खुर्ची अडवून बसले नाही! तिथल्या मतदानाच्याच दिवशी आपल्याकडे हिमाचलात ‘चिनी’ नावाच्या तालुक्यात, बर्फ पडायच्या आत, देशातली पहिली मते पडली. आपली पाळी नव्या वर्षात.

पार्लमेंटचा इतिहास तुला राजाराम कॉलेजातही शिकता आला असता. हरलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून कसा वागतो, हे मात्र तिथे राहूनच कळेल. विरोधी पक्षनेत्याला तिथे १९३७ पासून सरकारी तिजोरीतून पगार आहे. सरकारला धारेवर धरायचा पगार! गॅलरीत जाऊन प्रश्नोत्तरे ऐक. अडचणीचा प्रश्न आला की मंत्री काय करतो, सभापती त्याला सांभाळून घेतात का, सगळे टिपून ठेव.

आपल्या गावाला सवय दरबाराची. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले म्हणून गोरगरिबांची पोरे शाळेत बसली. राजा चांगला होता म्हणून मिळाले. हक्काने मागायची सवय लागली नाही. पुढे संस्थानात लोकांचे राज्य मागणाऱ्या प्रजा परिषदेने ती लावली; तिचे पुढारी रत्नाप्पा कुंभार यांची देशाच्या घटनेवर सही आहे. पण १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झाले, तरी साध्या नळाच्या अर्जात ‘मेहेरबानी व्हावी’ लिहिणारे आजही आहेत.

मतदारयादीच्या कामाला आम्हा शिक्षिकांनाही धाडले होते. गंगावेशीजवळ एक म्हातारी नवऱ्याचे नाव काही केल्या सांगेना. शेवटी सून म्हणाली, “आत्याबाई, उखाणा घ्या.” तिने तुळशीकडे तोंड करून उखाणा घेतला, तेव्हा कुठे नाव कळले. मग हळूच विचारते, “मालक सांगतील त्याच पेटीत चिठ्ठी टाकायची न्हवं?” मी समजावले, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह, आत तुम्ही एकट्याच असणार, कुणाला दिसणार नाही. तर म्हणाली, “मग मालकांनी विचारलं तर काय सांगू?” मला उत्तर देता आले नाही.

तिथल्या बायकांना १९२८ पासून पुरुषांच्या बरोबरीने मत आहे. नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या, असे एका घरात चालते का? तुझ्या घरमालकीणबाईंना माझ्या नावाने विचार. त्या म्हातारीकडे मला पुन्हा जायचे आहे.

तुझ्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. आंबेडकर शिकले, त्यांच्या लंडनच्या शिक्षणाला महाराजांनी हात दिला. ते शिक्षण घटनेच्या कामी आले. पदवी घेऊन तू दिल्लीला गेलास तर मी अडवणार नाही, पण माझ्या मनातले विचारशील तर इथे ये. दिल्लीला शिकलेली माणसे मिळतील. इथे नगरपालिकेत नियम दाखवून, आवाज न चढवता भांडणारा माणूस हवा आहे.

एक काम कर. तिथल्या नगरपालिकेच्या सभेला जाऊन बस आणि एखाद्या सभेचे इतिवृत्त मिळाले तर उतरवून पाठव. सातवीच्या मुलींकडून शाळेत तशी सभा भरवून घेणार आहे. त्यात ठराव नामंजूर झालेला असेल तर फारच उत्तम.

थंडीत मफलर वापर.

तुझी,
आई