म्हाताऱ्यांना विचारा, मुलांना नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या फोंड्याच्या घरी एक मुलगी ज्येष्ठांच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आली. माझी ८४ वर्षांची आई समोर सोप्यावरच बसली होती, पण प्रश्न सगळे मला. आंघोळ स्वतः करतात? कपडे घालतात? शौचाला एकट्या जातात? जेवतात हाताने? मी हो-हो म्हणत गेलो. शेवटी आईच म्हणाली, "माका विचार गो बाय, हांव हांगाच आसां." मुलगी हसली, फॉर्म मिटला आणि चहाही न घेता गेली.

या प्रश्नांना मी नावे ठेवत नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या डॉ. कॅट्झ यांनी बसवलेली ही रोजच्या सहा कामांची मोजणी. कुणाला किती आधार लागतो, ते त्यातून कळते. पण जगण्याचा दर्जा म्हणजे माणसाला स्वतःला आपले आयुष्य कसे वाटते ते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ज्येष्ठांसाठी तिची २४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे. त्यात कान-डोळे येतात, चार माणसांत मिसळणे येते, मरणाची भीतीसुद्धा येते. आणि आपले निर्णय आपण घेता का, हेही येते.

हा शेवटचा प्रश्न मी आईला विचारला आणि पस्तावलो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती बसने एकटी म्हार्दोळला जायची. पावसात पाय घसरला, तेव्हापासून मी गाडीने नेतो, म्हणजे मला सवड असेल तेव्हा. मासळी मीच आणतो. यंदा चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, कोणती फळे-पाने बांधायची, तेही मीच ठरवून मोकळा झालो. तिने हे सगळे न रागावता, बोटांवर मोजून सांगितले. फॉर्मवर मात्र तिला सहापैकी सहा!

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११ टक्क्यांहून जास्त. आज ते वाढलेच असणार. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतल्या दरमहाच्या मदतीसाठी म्हाताऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत आहात हे तपासतानाच, कशा आहात, असे चार प्रश्न कोकणी-मराठीत विचारायला काय हरकत आहे? फक्त तेवढी पाच मिनिटे मुलाला बाहेर बसवावे. मी बसेन.

– एक निवृत्त शिक्षक, फोंडा