कार्ताझ ही खंडणी नव्हती

महोदय,

रविवार पुरवणीतील लेखात 'हिंदी राजे समुद्रावर पोर्तुगीजांना खंडणी भरत' असे एका वाक्यात उरकले आहे. खंडणी हा शब्द इथे बसत नाही.

कार्ताझ हा पोर्तुगीजांचा सागरी परवाना, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. त्यावर जहाजाचे व नाखव्याचे नाव, जहाज केवढे, तोफा-हत्यारे किती, निघणार कुठून व जाणार कुठे, हे सगळे नोंदलेले असे. मिरी, दालचिनी, लोखंड, जहाजबांधणीचे लाकूड न्यायचे नाही, तुर्कांना चढवायचे नाही, या अटीही त्यातच. कागदाची फी किरकोळ होती. खरी मेख जकातीत होती : दीव, गोवा, होर्मुझ अशा पोर्तुगीज ठाण्यावर थांबून ती भरल्याशिवाय सुटका नाही. वाट वाकडी होई, आणि मोसमाचा वारा हुकला की हंगामच गेला. कागद नसला किंवा अट मोडली, की जहाज मालासकट जप्त.

मग राजांनी हे का चालवून घेतले? त्यांचा मुख्य महसूल जमिनीचा होता आणि घोडदळाला लागणारे अरबी घोडे गोव्यातून येत. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला, निजामशहाने चौलला वेढा घालून पाहिला. जमले नाही, तेव्हा तह झाले. आदिलशहाने तर स्वतःच्या जहाजांसाठी फुकट कार्ताझ मिळवले. चौलला एका अंगाला निजामशाही बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. वेढा उठल्यावर देवघेव पुन्हा सुरू. याला शरणागती म्हणायचे की हिशेब?

पोर्तुगीजांनी आपलाच कागद मोडला तेव्हा काय झाले, तेही लेखात यायला हवे होते. १६१३ मध्ये त्यांनी जहांगीरच्या आईचे 'रहीमी' हे जहाज कार्ताझ असतानाही सुरतेजवळ पकडून गोव्याला नेले. जहांगीरपाशी लढाऊ आरमार नव्हते. त्याने जमिनीवरून नाक दाबले : दमणला वेढा, व्यापार बंद, आग्ऱ्याच्या जेझुइट पाद्र्यांचे चर्च बंद. १६१५ मध्ये पोर्तुगीज तहाला आले.

पुढे कान्होजी आंग्र्यांनी हीच पद्धत उचलली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, नाहीतर पकडले जाईल. पोर्तुगीज आणि इंग्रज दोघेही ते घ्यायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी ही मात्र चाचेगिरी होती.

– एक वाचक, रेवदंडा