एलियट स्मिथ यांच्या गाण्यांविषयीही लिहावे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथ यांच्यावर आलेला लेख वाचला. हे नाव खानदेशातल्या वाचकांपर्यंत पोहोचवल्याबद्दल मनापासून आभार. मात्र लेखाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांच्या व्यसनावर आणि २००३ साली वयाच्या ३४व्या वर्षी झालेल्या मृत्यूवर खर्ची पडला आणि ज्या गाण्यांमुळे त्यांची आठवण निघते त्यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या, याचे वाईट वाटले.

पोर्टलंडच्या ‘हीटमायझर’ या दणदणाटी रॉक बँडमध्ये असतानाच, १९९४ साली, त्यांचा ‘रोमन कँडल’ हा पहिला स्वतंत्र अल्बम आला. चार ट्रॅकच्या साध्या यंत्रावर, घरातच मुद्रित केलेल्या त्या गाण्यांतली बहुतेक वाद्ये त्यांनी स्वतः वाजवली होती. एकच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकमेकांवर बसवण्याची त्यांची रीत होती. त्यामुळे कुजबुजीइतका हळू आवाजही भरीव होतो आणि कोणी अगदी कानाशी गात असल्यासारखा वाटतो. बीटल्सचा संस्कार असलेली त्यांची चाल वरवर साधी, पण तिच्याखालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, अनपेक्षित जागी वळतात. माझ्या मते त्यांची थोरवी इथेच आहे आणि लेखात नेमके हेच राहून गेले.

‘गुड विल हंटिंग’ या चित्रपटातल्या त्यांच्या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, तेव्हा मार्च १९९८च्या सोहळ्यात ते पांढरा सूट घालून गायले, पुरस्कार ‘टायटॅनिक’च्या गाण्याला गेला. पुढे मोठ्या कंपनीकडून ‘एक्सओ’ व ‘फिगर एट’ हे अल्बम आले, वाद्यमेळ वाढला, पण तो दुहेरी आवाज कायम राहिला. आज फीबी ब्रिजर्ससारखी गायिका त्यांचे ऋण उघडपणे मानते. तिच्या २०२०च्या अल्बमचे शीर्षकगीत त्यांच्याविषयीच आहे.

अमळनेरला राहणारा माझा भाचा अहिराणीत गाणी रचतो. रेल्वेचा भोंगा आत येऊ नये म्हणून खिडकीवर गोधडी टांगून तो मोबाइलवर आपलाच आवाज दोनदा टेप करतो. ही रीत त्याने स्मिथ यांच्याकडूनच उचलली. आपला लेख वाचून माझ्या बहिणीने, असल्या माणसाची गाणी पुन्हा या घरात लावायची नाहीत, असे त्याला बजावले. तिची काळजी मला समजते; तिच्यासमोर आलेला माणूस तेवढाच होता.

म्हणून विनंती, की १९९७च्या ‘ईदर/ऑर’ या अल्बमपासून सुरुवात करून केवळ त्यांच्या गाण्यांवर एक लेख आपण जाणकाराकडून लिहून घ्यावा. तो मी बहिणीकडे जाऊन स्वतः वाचून दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव