क्षयरोग: टक्केवारीच्या आधी उशीर मोजा

महोदय,

क्षयरोग कार्यक्रमात प्रयोगशाळा पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी झाली. थुंकी तपासणी केंद्रांवर फिरायचे आणि काचपट्ट्यांच्या पेट्या गोळा करायच्या, हे काम. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करायची घोषणा २०१८ मध्ये झाली होती. नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी खाली यायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ते लाखामागे २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले, म्हणजे २१ टक्के घट. ही घट खरी आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण पुढची तारीख जाहीर होऊन नवे फलक लागण्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो.

सूक्ष्मदर्शकाच्या दिवसांत तपासलेली काचपट्टी टाकायची नाही, असा नियम होता. पेटीत क्रमाने लावून ठेवायची. दर महिन्याला त्यांतल्या काही पट्ट्या उचलून, पहिला निकाल झाकून, दुसऱ्या पर्यवेक्षकाकडे जायच्या. दोघांचे जमले नाही तर तिसऱ्याकडे. त्याला आम्ही ‘अंपायर’च म्हणायचो. एका केंद्राच्या ‘निगेटिव्ह’ पट्ट्यांमध्ये सलग दोन महिने जंतू सापडले. तंत्रज्ञाला मेमो द्या, असा बैठकीत सूर निघाला. मी आधी केंद्रावर गेलो. तिथे स्पिरिट संपत आले होते. दोनदा मागणी पाठवूनही माल आला नव्हता. जंतू दिसावेत म्हणून पट्टीवर टाकलेला लाल रंग स्पिरिटच्या दिव्याने वाफ येईपर्यंत तापवावा लागतो, आणि हा माणूस उरलेले स्पिरिट पुरवून पुरवून वापरत होता. जंतूंवर रंग चढणार कसा? स्पिरिट पोचले आणि निकाल सुधारले. मेमो पोचला असता तर पुढच्या महिन्यात नेमक्या अडचणीच्या पट्ट्या ‘फुटल्या’ असत्या, हे मी अनुभवाने सांगतो. चुकीचा निकाल मिळालेल्यांना आम्ही परत बोलावले. त्यांतला एक तोवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला होता. तो काही सापडला नाही.

आज तपासणीसाठी सीबीनॅट यंत्र आहे, गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट आहे. जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का, हे काही तासांत कळते. पण थुंकीची डबी उपकेंद्रातून निघून यंत्रापर्यंत पोचायला किती दिवस लागले, अहवाल रुग्णाच्या हातात कधी पडला, पहिली गोळी कधी पोटात गेली, हे मासिक बैठकीत सहसा कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘तुमच्या तालुक्याचे किती टक्के?’ मग टक्के येतात. मी अशी उपचार कार्डे पाहिली आहेत, ज्यांवर सहाही महिने वजन तेच, अगदी दशांशासह. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, म्हणून हे जास्त खटकते. झारखंडमधल्या पोषण-अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी आढळला होता. म्हणजे काट्यावर उभे करणे हासुद्धा उपचारच. रुग्णाच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, चांगले झाले. ते पहिल्या महिन्यात खात्यात पडतात की औषध संपता संपता, हेही तालुक्याला ठाऊक हवे.

तमिळनाडूने २०२२ मध्ये मृत्यू कमी करण्यासाठी जे सुरू केले, ते इथल्या अधिकाऱ्यांनी जाऊन बघावे. निदान होताच आरोग्य कर्मचारी पाच गोष्टी पाहतात: उंचीच्या मानाने वजन, पायांवर सूज, श्वासाचा वेग, ऑक्सिजन आणि आधाराशिवाय उभे राहता येते का. ज्याची अवस्था गंभीर दिसते त्याला लगेच दाखल करतात. सुरुवात साध्या कागदी कार्डावर झाली. वजनकाटा आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोविडनंतर कुठल्या आरोग्य केंद्रात नाही?

माझी सूचना छोटी आहे. प्रत्येक तालुक्याने दर महिन्याला कोणतीही दहा उपचार कार्डे चिठ्ठ्या टाकून काढावीत. खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या गोळीपर्यंतचे दिवस रुग्णाला विचारून लिहावेत. सगळ्यात जास्त दिवस कुठे गेले ते शोधून तेवढी एकच गोष्ट बदलावी, मग ती डबी नेणाऱ्या गाडीचा वार असो की औषधाच्या खिडकीची वेळ. पुढच्या महिन्यात पुन्हा दहा कार्डे. दिवस कमी झाले नाहीत तर तो बदल सोडून दुसरा करावा. शेजारच्या तालुक्याच्या पर्यवेक्षकाने ही कार्डे तपासावीत, जसे आम्ही एकमेकांच्या पट्ट्या तपासायचो. आणि या कार्डांवरून कुणालाही नोटीस निघणार नाही, हे जिल्ह्याने आधी लेखी द्यावे. तोंडी नको. तोंडी आश्वासन बदलीबरोबर जाते.

– एक निवृत्त प्रयोगशाळा पर्यवेक्षक, सातारा जिल्हा