ताई, लॅपटॉप घेताना आधी स्क्रीन बघ

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता, फोटो एडिट करायला लॅपटॉप कोणता घेऊ? उत्तर मात्र लांबणार आहे, कारण नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाखाली कंपन्या दोन-तीन प्रकारच्या स्क्रीन आणि तितकेच वेगवेगळे प्रोसेसर बसवून विकतात. बाहेरून डबा तोच, आतला माल वेगळा.

मी एकच सूत्र धरून लिहितो: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाल. स्क्रीन बदलता येत नाही. मेमरी (रॅम) बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे तीही नाही. फोटो साठवायची जागा वाढवता येते, कार्ड रीडर बाहेरून लावता येतो. जाहिरातीत मात्र सगळ्यांत मोठ्या अक्षरांत प्रोसेसर असतो आणि स्क्रीनबद्दल 'फुल एचडी, अँटीग्लेअर' एवढंच. म्हणून सुरुवात स्क्रीनपासून.

स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात 'कलर गॅमट', म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकते, ही ओळ शोध. तिथे '45 टक्के एनटीएससी' दिसलं की ते मॉडेल सोडून दे, बाकी सगळं कितीही चांगलं असो. एनटीएससी हे जुन्या टीव्हीचं माप आहे. त्याचे 45 टक्के म्हणजे एसआरजीबीचे साधारण साठ-पासष्ट टक्के, आणि इंटरनेटवरचे बहुतेक फोटो याच एसआरजीबी नावाच्या रंगमापात असतात. अशा स्क्रीनवर गडद लाल विटकरी दिसतो, हिरवा मळकट दिसतो. आपल्याला वाटतं फोटोच फिका आहे, आपण रंग चढवतो, आणि तोच फोटो फोनवर पाहिला की सगळ्यांचे चेहरे शेंदरी. चूक हाताची नसते, स्क्रीनची असते.

'72 टक्के एनटीएससी' किंवा '100 टक्के एसआरजीबी' लिहिलेलं असेल तर चालेल. दोन्ही जवळपास एकच. 'डीसीआय-पी3' (एसआरजीबीपेक्षा मोठं माप) 95 टक्क्यांच्या वर असेल तर आणखी चांगलं, पण त्याची एक गंमत आहे. मोठ्या गॅमटच्या स्क्रीनवर, रंगांची प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे हे सांगणारी माहिती) न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये फोटो उघडला की तो भडक दिसतो. लाइटरूम आणि फोटोशॉप ही एडिटिंगची अ‍ॅप प्रोफाइल वाचतात, त्यामुळे तिथे तो बरोबर दिसतो. कुणाला पाठवायचा फोटो एक्सपोर्ट करताना एसआरजीबीच निवड, म्हणजे समोरच्याच्या स्क्रीनवर घोटाळा होत नाही. गॅमटची ओळच नसेल तर स्क्रीन साधी आहे असं धरून चाल.

पॅनेल आयपीएस प्रकारचं हवं, कोणत्याही कोनातून त्यावर चित्र जवळपास सारखंच दिसतं. जुन्या टीएन पॅनेलमध्ये मान जरा खाली-वर केली तरी सावल्यांचा उजेड बदलतो, मग एक्स्पोजर ठरवायचं कसं? ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी स्क्रीन) हिचा काळा रंग खरोखर काळा असतो आणि रंग सुंदर दिसतात, पण दोन अडचणी आहेत. ब्राइटनेस कमी केला की अनेक ओएलईडी स्क्रीन प्रकाश कमी करण्याऐवजी तो वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना ते थेट दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, आणि एडिटिंग कमी ब्राइटनेसवरच करायचं असतं. दुसरं म्हणजे लाइटरूमच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी उभ्या राहतात, त्यांचा ठसा वर्षांनी पडू शकतो. रोज तीन-चार तास बसणार असशील तर माझं मत आयपीएसच्या बाजूने.

ब्राइटनेस 300 निट्सच्या (उजेडाचं एकक) खाली नको, 400 असेल तर खिडकीजवळही निभावतं. मात्र काम करताना तो 100 ते 120 निट्सवर आण. 'प्रिंट काळपट आले' या तक्रारीचं कारण दहापैकी नऊ वेळा इथेच असतं. झगझगीत स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण तो दाबतो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. मोजायचं यंत्र नसेल तर खोलीच्या नेहमीच्या उजेडात पांढरा कागद स्क्रीनशेजारी धर, स्क्रीनवर कोरं पान उघड आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी कर.

रिझोल्यूशनचा विचार असा. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 गुणिले 4000 असतो. 1920 गुणिले 1200 च्या स्क्रीनवर 100 टक्के झूम केलं तर त्याचा जेमतेम दहावा भाग दिसतो. 2560 गुणिले 1600 मध्ये सहावा. चौदा ते सोळा इंचांना हे दुसरं माप छान. 4के घेतलं तर बॅटरी लवकर उतरते आणि प्रत्येक स्लायडर हलवताना जास्त पिक्सेल रंगवावे लागतात, म्हणून साधी मशीन अडखळते. उंचीला मात्र महत्त्व दे. 16:9 पेक्षा 16:10 घे, खालच्या फिल्मस्ट्रिपला, म्हणजे छोट्या फोटोंच्या ओळीला, जागा मिळते.

आता मेमरी. 16 जीबी ही खालची मर्यादा आणि 32 असेल तर उत्तम. हिशेब बघ: 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिटमध्ये उघडला की एक पूर्ण लेयर (थर) साधारण 144 एमबीचा होतो. दहा लेयर, वर अनडूसाठी ठेवलेल्या जुन्या अवस्था, शिवाय ब्राउझर आणि विंडोज स्वतः, म्हणजे 8 जीबी केव्हाच संपतात. मग लॅपटॉप एसएसडीचाच, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कचाच, मेमरीसारखा वापर करायला लागतो आणि ब्रश कर्सरच्या मागे रेंगाळतो. पाच-सहा फोटो जोडून पॅनोरमा करायचे असतील तर 32 चाच विचार कर.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच मेमरीतून वाटा घेतं. मेमरीच्या पट्ट्या बसवायच्या मॉडेलमध्ये 16 ची एकच पट्टी असण्यापेक्षा 8 च्या दोन असलेल्या बऱ्या, ग्राफिक्सला दुहेरी वाट मिळते. 'एलपीडीडीआर' असं लिहिलेलं असेल तर मेमरी जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली आहे, पुढे वाढणार नाही, मग आत्ताच जास्त घे.

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नकोस. स्लायडर हलवताना एका कोरचा (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागाचा) वेग कामाला येतो, दोनशे फोटो एक्सपोर्ट करताना कोरची संख्या. गेल्या दोन-तीन वर्षांतला मधल्या श्रेणीचा कुठलाही प्रोसेसर घरच्या कामाला पुरतो. फक्त आकड्यांना फसू नकोस. एएमडीच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा: रायझन 5 7520यू मधला 2 सांगतो की आतली रचना 2019 ची झेन 2 आहे, 7540यू मधला 4 सांगतो की ती झेन 4 आहे. नावं शेजारी-शेजारी, मधे दोन पिढ्या. इंटेलमध्ये शेवटी 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा, 'एच' म्हणजे जोरदार पण गरम होणारा. फार पातळ लॅपटॉपमध्ये 'एच' बसवला तर पहिली काही मिनिटं तो पळतो, मग तापून मंदावतो.

भाचा गेमिंग लॅपटॉप घे म्हणेल, त्याचं कारण उघड आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड दमदार असतं हे खरं. पण लाइटरूममध्ये ते मनापासून वापरलं जातं ते मुख्यतः एआय डिनॉइजला, 2023 मध्ये आलेल्या. कमी उजेडातले, दाणेदार फोटो त्याने साफ होतात. चांगल्या कार्डावर एका फोटोला काही सेकंद लागतात, अंगच्या साध्या ग्राफिक्सवर काही मिनिटं. महिन्यात दहा-वीस फोटोंना हे लागत असेल तर चहा करून ये, कार्डाची गरज नाही. प्रत्येक कार्यक्रमाचे शेकडो फोटो रात्रीच्या उजेडातले असतील तर 8 जीबी मेमरीचं कार्ड घे. तेव्हाही लक्षात ठेव की कार्डाचं नाव तेच असलं तरी पातळ लॅपटॉपमध्ये त्याला वीज कमी दिलेली असते, आणि चार्जर काढला की ते आणखी हळू होतं. शिवाय स्वस्त गेमिंग मॉडेलमध्येच ती 45 टक्केवाली स्क्रीन हमखास सापडते! वेगाने हलणारं चित्र दिसलं की गेमवाल्यांचं काम होतं, रंगांशी त्यांना फार देणंघेणं नसतं.

साठवणीला 1 टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी पुरते. ईएमएमसी, म्हणजे स्वस्त आणि हळू साठवण, लिहिलेलं दिसलं तर नको. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण 25 ते 30 एमबीची, म्हणजे पाचशे फोटोंना पंधरा जीबी. एसएसडी गच्च भरली की मंदावते, म्हणून पाचवा हिस्सा रिकामा ठेव. लाइटरूमचा कॅटलॉग (फोटो आणि बदलांची नोंदवही) आतल्या डिस्कवर आणि जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर, अशी विभागणी चालते. पण बाहेरच्या डिस्कवर नेलेले फोटो म्हणजे बॅकअप नव्हे, ती एकमेव प्रत असते. प्रती तीन हव्यात, त्यातली एक घराबाहेर.

पोर्टांत दोन खाचाखोचा आहेत. यूएसबी-सी सगळे दिसायला सारखेच, पण काहींतून मॉनिटर चालत नाही आणि काहींतून चार्जिंग होत नाही. तक्त्यात 'डिस्प्लेपोर्ट' आणि 'पॉवर डिलिव्हरी' हे दोन्ही शब्द शोध. दुसरं, एसडी कार्डाची खाच असली तरी तिचा वेग बघ. काही खाचा आतून यूएसबी 2 वर जोडलेल्या असतात. भरलेलं 64 जीबीचं कार्ड तिथे अर्धा तास घेतं, कार्ड यूएचएस-2 या वेगवान प्रकारचं असेल तर तशाच वेगाच्या बाहेरच्या रीडरवर चार-पाच मिनिटं.

मॅकबद्दल थोडक्यात. स्क्रीन सगळ्या नगांमध्ये जवळपास सारखी आणि भरवशाची, तक्ते वाचायचा ताप वाचतो. पण मेमरी कधीच वाढत नाही, म्हणून 8 जीबीचं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस. मॅकबुक एअरला पंखा नाही, लांबलचक एक्सपोर्टला ती हळू होते. कार्डाची खाचही नाही.

नेहमी एकाच टेबलावर बसणार असशील तर एक वेगळा रस्ताही आहे: साध्या स्क्रीनचा पण 16 जीबीचा लॅपटॉप, आणि 100 टक्के एसआरजीबीचा 24 इंची आयपीएस मॉनिटर. इथे माझं वरचं सूत्र मोडतं, पण मॉनिटर पुढच्या लॅपटॉपलाही उपयोगी पडतो. वापरलेला लॅपटॉप घेणार असशील तर त्यावर विंडोज 11 चालतं याची खात्री कर. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहेत.

येताना इकडून, परदेशातून, लॅपटॉप घेऊन येशील का, असं विचारलं होतंस. नको. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, आणि परत करायची मुदत मी तिथे पोहोचण्याआधीच संपते. ती मुदत फार कामाची आहे. पहिल्याच आठवड्यात अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडून कडांतून उजेड झिरपतो का बघ. मग पूर्ण राखाडी चित्रात डाग किंवा पिवळसर कोपरे शोध. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उतरत्या छटेत पट्टे दिसायला नकोत. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलंस की किती खाचा भरल्या आहेत तेही दिसतं.

आणि रंग तपासायच्या आधी हे बंद कर: विंडोजमध्ये नाइट लाइट, एचडीआर आणि चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा पर्याय, मॅकमध्ये ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट. चित्राप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा पर्याय खास करून बॅटरीवर त्रास देतो. फोटो उजळ केला की स्क्रीन स्वतःच खाली येते आणि आपण गोंधळतो. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र मिळालं, अगदी कुणाकडून एका दिवसापुरतं, तर प्रोफाइल बनवून घे. 45 टक्क्यांच्या स्क्रीनला मात्र तेही वाचवू शकत नाही, जे रंग पॅनेलमध्येच नाहीत ते प्रोफाइल आणणार कुठून?

घाई नसेल तर जुन्या लॅपटॉपवर एक करून बघ. लाइटरूममध्ये फोटोंचे स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे छोट्या प्रती, बनव, मग लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली एडिटिंगला मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू वापरायचा पर्याय चालू कर. ते जास्तीत जास्त 2560 पिक्सेल लांबीचे असतात, त्यामुळे स्लायडर हलके होतात, आणि एक्सपोर्ट मूळ फाइलमधूनच होतो. फक्त शार्पनेस आणि दाणे बघताना पर्याय बंद कर, छोट्या प्रतीत त्यांचा अंदाज चुकतो.

दोन-तीन मॉडेल नक्की झाली की त्यांचे पूर्ण नंबर पाठव, शेवटच्या अक्षरांसकट. स्क्रीन कोणती ते त्या शेपटावरूनच कळतं.

दाजींना नमस्कार, भाच्याला गोड पापा.

तुझा,
धाकटा भाऊ