करवतवाल्याला मतं कुणी दिली?

बुएनोस आयरेस
२५ नोव्हेंबर २०२३

ती. आण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर आण्णांनी विचारलेलं नीट बोलताच आलं नाही, मधेच रेंज गेली, म्हणून लिहूनच काढतो. व्हॉट्सॲपवर तुकडे पाठवले तर तुम्ही अर्धे वाचणार नाही, दादाला सांगा प्रिंट काढून द्यायला.

तर प्रश्न असा, की जो माणूस म्हणतो किडनी विकायची असेल तर विकू द्या, देशाची रिझर्व्ह बँकच बंद करून टाकतो, पोपला नको नको ते बोलतो, प्रचाराला लाकूड तोडायची पेट्रोलची करवत हातात घेऊन फिरतो, अशा हावियेर मिलेईला अर्जेंटिनासारख्या एवढ्या शिकल्यासवरल्या देशानं राष्ट्राध्यक्ष व्हायला ५५ टक्क्यांच्या वर मतं दिलीच कशी. रविवारी १९ तारखेला निकाल लागल्यापासून मी पण ह्याच विषयावर इथल्या लोकांशी बोलतोय, दुसरा विषयच नाही कुणाला. माझं मत सांगू का, ह्यातल्या निम्म्या गोष्टींना लोकांनी मत दिलेलंच नाही. ऐकल्या, हसले, "तो काय खरंच करतोय होय" म्हणले आणि सोडून दिल्या. जो एवढं वेडंवाकडं बोलतो तो निदान नेहमीच्या टोळक्यातला नाही, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून घेतला.

आधी महागाईचं सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. ऑक्टोबरचा आकडा आला, वर्षाला १४२ टक्क्यांच्या वर. तुम्ही तिथं टोमॅटो महागला म्हणून आठवडाभर बोलता, इथं सगळंच महाग होतं आणि दर आठवड्याला होतं. आमच्या कोपऱ्यावरचा चिनी दुकानदार आता काही मालावर किंमतच लिहीत नाही, काउंटरवर गेल्यावर सांगतो. सगळ्यात मोठी नोट २,००० पेसोची, ती पण ह्या मे महिन्यातच आली, आणि काळ्या बाजारात तिचे धड दोन डॉलर पण होत नाहीत. पगार झाला की पहिल्या दोन दिवसांत लोक तेल, टिश्यू पेपर, साबण भरून ठेवतात, कारण पेसो हातात ठेवणं म्हणजे बर्फ खिशात ठेवणं. सरकारी आकड्याप्रमाणे ४० टक्के लोक गरिबीरेषेखाली आहेत. आणि समोर उभा कोण होता, तर सेर्खिओ मासा, म्हणजे स्वतः अर्थमंत्री! हा प्रकार मला अजून पचत नाही. घर पेटलेलं असताना त्याच घराचा राखणदार मतं मागायला आला तर दुसऱ्या बाजूला कोण उभं आहे हे बघतं कोण.

मिलेई मूळचा अर्थशास्त्रज्ञ, पण लोकांना माहीत झाला तो टीव्हीवर. केस पिंजारलेले, समोरच्यावर ओरडायचा, शिव्या द्यायचा, चॅनेलवाल्यांना पाहिजेच होतं. २०२१ ला खासदार झाला आणि दर महिन्याला स्वतःचा पगार चक्क सोडत काढून कुणालातरी द्यायला लागला. नाव नोंदवायला लाखो लोकांची झुंबड. तो म्हणायचा हा पैसा तुमच्याकडूनच लुटलेला आहे, तुम्हालाच परत. सगळ्या जुन्या पक्षांच्या राजकारण्यांना मिळून तो "कास्ता" म्हणतो, म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणारी वरची जमात, आणि करवत ती ह्यांच्या खर्चावर चालवायची. सरकार म्हणजेच चोर, टॅक्स म्हणजेच चोरी, असं त्याचं सरळ तत्त्वज्ञान. हे तत्त्वज्ञान इथल्या कितीजणांना पटतं? मला तर फार थोडे भेटले. पण "कास्ता" हा शब्द पटलेले गल्लोगल्ली आहेत. २०२० मध्ये इथं लय लांबलचक लॉकडाऊन होता, लोकांना घरच्यांच्या अंत्यविधीला जाता आलं नाही, आणि नंतर फोटो बाहेर आला की त्याच काळात राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी निवासस्थानी त्यांच्या जोडीदाराच्या वाढदिवसाची पार्टी झाली. तो फोटो लोक आजही विसरलेले नाहीत.

आता एकेक मुद्दा कसा चालला ते बघा. पेसो बंद करून अमेरिकन डॉलरच चलन करायचं, हे तिथून ऐकायला वेड वाटतं. इथं नाही वाटत. घर घ्यायचं तर किंमत डॉलरात, नोटा मोजून देतात. म्हाताऱ्या बायकांनी गादीखाली डॉलर ठेवलेत. फ्लोरिडा नावाच्या रस्त्यावर गेलात की दर दहा पावलांवर एकजण "काम्बियो, काम्बियो" ओरडत उभा असतो, पोलिसांच्या समोर, तो तुम्हाला काळ्या दरानं बदलून देतो. सरकारी दर ३५० आणि बाहेरचा हजाराच्या आसपास, मग कुठल्या दराला खरा म्हणायचं? ऑक्टोबरमध्ये मिलेई रेडिओवर म्हणाला पेसोची किंमत शेणाइतकी पण नाही, पेसोतल्या ठेवी रिन्यू करू नका, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या बाजारात डॉलर हजार पेसोच्या वर गेला. मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ म्हणाले डॉलरीकरण करायला मुळात डॉलर आहेत कुठं सरकारकडे, आणि ते मला बरोबर वाटतं. पण आमच्या घरमालकीणबाई म्हणल्या, "मी तर १९८९ पासूनच डॉलरमध्ये जगतेय, सरकार आत्ता येतंय."

किडनीचं बोलणं गेल्या वर्षीचं, रेडिओवर विचारल्यावर तो म्हणाला तो पण एक बाजारच आहे. हे बोलणं विरोधकांनी हजार वेळा दाखवलं आणि लोकांनी हजार वेळा ऐकून सोडून दिलं. बंदुका मोकळ्या करण्याचंही तसंच. घरमालकीणबाई कट्टर कॅथलिक, भिंतीवर पोपचा फोटो, तो पोप ह्याच शहरातला, आणि मिलेई त्याला पृथ्वीवरचा सैतानाचा प्रतिनिधी म्हणाला होता. झोपडपट्टीत काम करणाऱ्या पाद्र्यांनी त्यावरून खास प्रार्थनासभा घेतली. बाई चिडल्या, दोन दिवस चिडल्या, आणि मत कुणाला, तर मिलेईलाच. म्हणल्या पोपला मी माफी मागेन, मासाला मत दिलं तर स्वतःला काय सांगू. आता निवडून आल्यावर पोपनीच ह्याला फोन करून अभिनंदन केलं म्हणे, तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडलाय.

खरी मेख मला वाटतं ती जेवण पोचवणाऱ्या पोरांमध्ये आहे. आमच्या बिल्डिंगखाली सायकली टेकवून ती बसलेली असतात, वीस-बावीसची पोरं. पेरोनवाद्यांचा, म्हणजे मासाच्या बाजूवाल्यांचा, सगळा प्रचार असा, की मिलेई आला तर कामगारांचे हक्क जातील, पगारी रजा जाईल, बोनस जाईल. त्यातल्या एकाला मी विचारलं, तो हसला, म्हणला कुठली रजा? कधी मिळाली मला? जवळपास निम्मे कामकरी कागदावर नसलेल्या कामात आहेत, त्यांना हक्क जाण्याची भीती घालून काय उपयोग, जे कधी हातात आलंच नाही ते जाणार कसं. आण्णा, तुमची सगळी हयात युनियनमध्ये गेली, तुम्हाला हे वाचून त्रास होईल मला माहितेय, मलाही ऐकताना झाला. पण त्या पोराला त्याच्या बाजूची युनियन कधी दिसलीच नाही हो. इथं सोळाव्या वर्षापासून मत देता येतं, अठरापासून सत्तरपर्यंत सक्तीचंच, त्यामुळं ही सगळी पोरं मोजली जातात.

पण सगळंच त्याला माफ झालं असं नाही. जिथं खिशाला हात लागला तिथं लोक एका रात्रीत सावध झाले. ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत तो ३० टक्के घेऊन पहिला आला होता, सगळे म्हणले आता हाच. मग मासाच्या लोकांनी काय केलं, रेल्वे स्टेशनवर तिकिटाचे दर लावले, मासा आला तर ५६ पेसो, मिलेई आला तर १,१०० पेसो. म्हणजे आपल्या पाचएक रुपयांवरून एकदम शंभराच्या जवळ. सरकारी पैशानं प्रचार, सरळ सरळ, पण चालला. शिवाय मासानं मोठ्या वर्गाचा इन्कम टॅक्स काढला, सामानावरचा टॅक्स परत दिला. २२ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत मासा जवळपास ३७ वर आणि मिलेई जिथल्या तिथं, ३० वर. तत्त्वज्ञान म्हणून सबसिडी बंद हे टाळ्यांचं वाक्य आहे, स्टेशनवर तिकिटाचा आकडा म्हणून नाही.

शिक्षणाचंही तसंच. बुएनोस आयरेसचं विद्यापीठ मोफत आहे, डॉक्टर, इंजिनियर, सगळे फुकट शिकतात, आणि तो म्हणायचा शाळांना पैसे देऊ नका, पालकांना कूपन द्या. ऑफिसातले त्याचे दोन समर्थक ह्या एका मुद्द्यावर गप्प बसायचे. आणि फुटबॉल! हे दादाला मुद्दाम वाचून दाखवा. इथले क्लब सभासदांचे असतात, बोका असो की रिव्हर, मालक नसतो कुणी. मिलेई म्हणतो कंपन्यांना घेऊ द्या की. शेवटच्या फेरीआधी एकामागून एक क्लबांनी पत्रकं काढली की आम्ही विकाऊ नाही. उद्या आपल्या कोल्हापुरात कुणी म्हणलं पाटाकडील तालमीचे शेअर्स मुंबईच्या शेठला देऊया, तर शाहू स्टेडियमवर काय होईल? तेच.

मग नोव्हेंबरमध्ये गडी बदलला. करवत गाडीतून गायब. जाहिरात आली, आम्ही आरोग्य खाजगी करणार नाही, शिक्षण करणार नाही, फुटबॉल करणार नाही, बंदुका मोकळ्या सोडणार नाही. ज्या तिसऱ्या उमेदवार पात्रिसिया बुलरिचबाईंना तो बॉम्ब टाकणारी म्हणाला होता, त्या पहिल्या फेरीत हरल्या, तर टीव्हीवर तिला मिठी! माजी अध्यक्ष माक्री पण मागं उभे. म्हणजे ज्या कास्तावर करवत चालवायची त्यातलेच दोन शेजारी. मी ऑफिसात म्हणलं हे काय, तर उत्तर मिळालं, बघ, म्हणजे तो काही वेडा नाही. आधी वेडा आहे म्हणून आवडला आणि नंतर वेडा नाही म्हणून मत दिलं, दोन्ही एकाच माणसानं. शेवटच्या वादविवादात मासानं त्याला वकिलासारखं धरलं होतं, सबसिडी काढणार की नाही, डॉलर आणणार की नाही, हो की नाही सांग. मिलेईनं ब्रिटनच्या थॅचरबाईंचं कौतुक केलेलं पण काढलं, ज्यांच्या विरुद्ध ह्यांनी १९८२ ला माल्विनास, म्हणजे फॉकलंड, बेटांच्या युद्धात साडेसहाशेच्या आसपास पोरं गमावली. सगळे म्हणले मासा जिंकला. आठवड्यानं मतं मोजली तर मिलेईनं राजधानी धरून चोवीसपैकी एकवीस प्रांत घेतलेले, कोर्दोबात तर चारात तीन मतं त्याची.

एक मुद्दा मात्र माझ्या घशात अडकलाय. १९७६ ते ८३ इथं लष्कराची हुकूमशाही होती, लोक रात्रीतून उचलून नेले, परत आलेच नाहीत. तीस हजार म्हणतात. मिलेई टीव्हीवर सगळ्यांसमोर म्हणला तीस हजार नव्हते, ८,७५३ होते, आणि ते युद्ध होतं. त्याची उपाध्यक्ष बियारुएल तर हेच म्हणत मोठी झालेली. आमच्या ऑफिसातल्या एका बाईंची मावशी तेव्हा गेली. दर गुरुवारी दुपारी त्या उचलून नेलेल्यांच्या म्हाताऱ्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून अजून चौकात फेऱ्या मारतात. मला वाटलं होतं निदान ह्यावर लोक थबकतील, येत्या १० डिसेंबरला लोकशाही परत येऊन चाळीस वर्षं होतात, त्याच दिवशी ह्याचा शपथविधी आहे. नाही थबकले. बावीसच्या पोराला ७६ साल आणि शिवकाळ सारखंच लांब. त्या बाई सोमवारी कामावर आल्या, कुणाशी बोलल्या नाहीत, आणि ज्यांनी मिलेईला मत दिलं त्यांनी पण त्यांच्यासमोर तो विषय काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल तुझं काय. माझा पगार पेसोतच आहे, कंपनी दर तीन महिन्यांनी वाढवते पण महागाई पुढं पळते. शपथविधीनंतर पेसोचा सरकारी दर एकदम पडेल असं सगळेच म्हणतायत, म्हणून मी तांदूळ-डाळ भरून ठेवलंय. मालकीणबाई जानेवारीपासून भाडं डॉलरात मागतायत, मत दिलेल्या सरकारचा पहिला फायदा माझ्याकडूनच काढणार! अर्धं डॉलरात अर्धं पेसोत असं ठरवतोय. काळजी करू नका, पैसे पाठवू नका, लागले तर सांगेन.

आईला सांगा, हो, कुत्र्यांचं ते खरं आहे. त्याचा पहिला कुत्रा मेल्यावर त्याच्याच पेशींपासून अमेरिकेत नवे करून घेतलेत आणि त्यांची नावं अर्थशास्त्रज्ञांवरून ठेवलीत, मिल्टन, मरे, रॉबर्ट, लुकास. तिनं विचारलं होतं त्यांना खायला काय घालतो, ते कळलं की कळवतो.

तुमचा,
बाळू